गोष्टीतला मुलगा ‘कसा आहे’ हे मुलांना विचारावे का?

खडूफळा

नमस्कार. मी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना भाषा शिकवते. वास्तववादी कथेतील पात्रे मुलांना समजावीत यासाठी नेमके काय करावे, याबद्दल मला इथल्या जाणकारांशी बोलायचे आहे.

गेल्या आठवड्यात वर्गात आम्ही दीड पानाची एक गोष्ट वाचली. ती मीच वर्गासाठी लिहिलेली आहे. घरात कोणी नसताना एका मुलाच्या हातून आजोबांचा चष्मा पडतो आणि उजव्या काचेला तडा जातो. मुलगा चष्मा पुसतो, डबीत घालतो आणि डबी जागच्या जागी ठेवतो. पुढचे वाक्य असे आहे: ‘तसा चष्मा जुनाच होता.’ तो कोणाला काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा वर्तमानपत्र हातात घेतात, त्याच क्षणी तो म्हणतो, “आजोबा, आज मी वाचून दाखवतो.” आजोबा म्हणतात, “वाच.” तो वाचतो. तिसऱ्या दिवशीही वाचतो. चौथ्या दिवशी मित्र खाली हाका मारत असतात, तरी तो बसून वाचतो आणि आजोबा डोळे मिटून ऐकतात. गोष्ट तिथेच संपते.

मी नेहमीचा प्रश्न दिला: ‘हा मुलगा कसा आहे? गोष्टीतील आधार देऊन लिहा.’ निम्म्याहून अधिक मुलांनी ‘प्रेमळ’ आणि ‘सेवाभावी’ असे लिहिले, कारण तो आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. काहींनी ‘खोटारडा’ लिहिले, कारण त्याने चष्मा फुटल्याचे सांगितले नाही. उरलेल्यांनी दोन्ही विशेषणे एकाखाली एक मांडली, जणू गोष्टीत दोन वेगवेगळे मुलगे आहेत. आधार सर्वांनी दिले होते आणि नियमाप्रमाणे सर्वांना गुण मिळाले. पण त्या मुलाला भेटल्यासारखे एकाही उत्तरात वाटले नाही. एका मुलीने मात्र विशेषण लिहिलेच नाही. तिने एवढेच लिहिले होते: ‘रोज सकाळी त्याच्या पोटात गोळा येत असेल.’ माझ्या गुणदानाच्या तक्त्यात बसवायचे तर तिला निम्मे गुण द्यावे लागले, आणि ते देताना माझा हात अडखळला.

‘कसा आहे’ हा प्रश्नच मुलांना पात्रापासून दूर नेतो, असे मला आता वाटू लागले आहे. तुमचा अनुभव काय आहे?

तिसरा_बाक

त्या मुलीचे गुण आधी वाढवावेत. बाकीची चर्चा त्यानंतर करू.

ग्रंथसखी

खडूफळा ताई, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी अनेक वर्षे मुलांबरोबर गोष्टी वाचते आहे, आणि ‘कसा आहे’ याऐवजी ‘त्याला काय हवे आहे’ असे विचारले की संभाषणाचा नूरच पालटतो, हे मी वारंवार पाहिले आहे. ‘कसा’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते. ‘काय हवे आहे’ याचे उत्तर देताना मुलाला पात्राच्या जागी उभे राहून पुढे पाहावे लागते.

तुमच्याच गोष्टीत पाहा. मुलगा वर्तमानपत्र वाचून दाखवतो, ही कृती एकच आहे. पण त्याला तिच्यातून काय हवे आहे? आजोबांनी डबी उघडू नये, हे तर उघडच आहे. आपल्यामुळे आजोबांचे वाचन अडू नये, हेही आहे. आणि चौथ्या दिवशी मित्रांच्या हाका ऐकूनही तो उठत नाही, तेव्हा त्याला कदाचित स्वतःबद्दल बरे वाटून घ्यायचे आहे. भीती, भरपाई आणि माया या तिन्ही गोष्टी एकाच कृतीत एकमेकींत मिसळलेल्या आहेत. ‘प्रेमळ’ म्हणणारी मुले चूक नाहीत आणि ‘खोटारडा’ म्हणणारीही चूक नाहीत. दोघांनीही धागा हातात घेतला, पण पीळ सोडवून पाहिला नाही.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांचे ‘सपाट’ (एकाच गुणाभोवती उभे असलेले) आणि ‘गोल’ असे दोन प्रकार सांगितले, आणि गोल पात्राची कसोटी अशी दिली की ते आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकते. मुलांना या संज्ञा शिकवण्याची घाई मी करत नाही. ‘या मुलाने कुठे तुम्हाला चकित केले, आणि तरी ते पटले?’ असा साधा प्रश्न मात्र मी नक्की विचारते.

मितभाषी

इथे थोडा वेगळा सूर लावतो. विशेषणांना इतके मोडीत काढू नये.

माझ्या मुलीकडे दोन वर्षांपूर्वी माणसांसाठी चार शब्द होते: चांगला, वाईट, रागीट आणि मजेशीर. जे पात्र या चारांत बसत नसे, ते तिच्या दृष्टीने ‘बोअर’ असे. तिला आम्ही ‘भिडस्त’, ‘मानी’, ‘धास्तावलेला’, ‘ओशाळलेला’, ‘हट्टी’, ‘हळवा’ असे शब्द एकेक करून दिले. ‘ओशाळणे’ हा शब्द कळल्यानंतर तिला तीन जुन्या गोष्टींतील तीन प्रसंग आपोआप आठवले. म्हणजे ओशाळलेली माणसे तिने आधी पाहिली होती, वाचली होती. पण नाव नसल्यामुळे ती तिच्या हाती लागत नव्हती. खडूफळा यांच्या वर्गातील मुलांनी ‘प्रेमळ’ लिहिले याचा दोष प्रश्नाला देण्याआधी, त्यांच्याजवळ दुसरा कोणता शब्द होता, हे पाहायला हवे.

कार्यकारण

मितभाषी यांचा मुद्दा मोलाचा आहे, तरी मला त्यात एक धोका दिसतो. माणसाच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि तो कोणत्या परिस्थितीत सापडला आहे याकडे दुर्लक्ष करायचे, ही आपल्या सर्वांचीच सवय आहे. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या चुकीला नाव दिले, आणि त्याही आधीपासून तिच्यावर प्रयोग होत होते. कोणी सभेत गप्प बसले की आपण ‘तो घुमा आहे’ म्हणतो. त्याचा घसा बसला असेल, असे आपल्या चटकन मनात येत नाही.

‘कसा आहे’ असा प्रश्न विचारून आपण मुलांना नेमक्या याच सवयीचा सराव देतो. वास्तववादी कथेचे बळ मात्र उलट दिशेला असते. तिथे राक्षस नसतो आणि जादूही नसते. एक साधा मुलगा असतो, फुटलेली काच असते आणि घरात कोणी नसल्याचा तो एक क्षण असतो. हा मुलगा एरवी खोटे बोलतो की नाही, याबद्दल गोष्ट अवाक्षरही काढत नाही. ती त्याला एका अडचणीत उभे करते आणि आपल्याला दाखवते. म्हणून ‘तो खोटारडा आहे’ आणि ‘तो त्या वेळी खोटे वागला’ या दोन वाक्यांतील फरक कळणे, हाच मला पात्र समजून घेण्याचा पहिला धडा वाटतो.

नीलपंख

कार्यकारण यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. हे वाक्य मोठ्यांच्याही कामाचे आहे.

ग्रंथसखी

मितभाषी, शब्दसंपत्तीबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, आणि माझ्या प्रतिसादात ते राहून गेले होते. पण शब्द शिकवले तरी ते कुठे वापरायचे, हा प्रश्न उरतोच. मी विशेषणाला वेळ जोडायला सांगते. पहिल्या दिवशी चष्मा पुसताना तो कसा आहे? दुसऱ्या दिवशी “मी वाचून दाखवतो” म्हणताना कसा आहे? चौथ्या दिवशी हाका ऐकताना? मुले मग ‘घाबरलेला’, ‘सावध’ आणि ‘अडकलेला’ असे तीन वेगळे शब्द आणतात, आणि तीन शब्दांच्या मधल्या जागेत काय घडले असेल, हे त्यांना स्वतःहून विचारावेसे वाटते. पात्र बदलते, हे सांगावे लागत नाही.

रंगपट

मी मुलांबरोबर नाटक करतो, म्हणून आमची एक रीत सांगतो. वर्गाच्या मधोमध एक खुर्ची ठेवायची. एक मूल पात्र होऊन त्या खुर्चीत बसते आणि इतर मुले त्याला प्रश्न विचारतात. बसलेल्याने ‘तो’ म्हणायचे नाही, ‘मी’ म्हणायचे. एवढ्या एका सर्वनामाने फार मोठा फरक पडतो.

एकदा अशाच एका गोष्टीत, मैत्रिणीची वही लपवणारी मुलगी खुर्चीत बसली होती. तिला कोणीतरी विचारले, “तू वही परत का नाही दिलीस?” खुर्चीतली मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मी देणारच होते. पण मग तिने सगळ्यांसमोर रडायला सुरुवात केली.” वर्ग एकदम शांत झाला. प्रत्येक क्षणागणिक कबुली देणे अधिक अवघड होत जाते, ही गोष्ट त्या एका उत्तरातून सर्वांना उमगली. मी तासभर बोललो असतो, तरी ती मला तितक्या नेमकेपणाने सांगता आली नसती.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. ज्या मुलाच्या आयुष्यात तसेच काही घडलेले असू शकते, त्याला आपण होऊन खुर्चीत बसवू नये. ज्याला बसायचे आहे तोच बसेल, आणि त्याला कधीही उठण्याची मुभा असेल, हे आधी सांगून ठेवावे.

पानापुरते

खुर्चीची रीत सुंदर आहे, पण तिच्यातूनच मला नेहमी एक अडचण येते. मुले पात्राला इतके खरे मानू लागतात की, गोष्टीत नसलेले आयुष्य त्याला बहाल करतात. आता कोणीतरी म्हणेल, “त्याला बाबा मारतात म्हणून तो सांगत नाही.” दुसरे म्हणेल, “आजोबा फार रागीट आहेत.” गोष्टीत यातले काहीही नाही. समीक्षक एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकातील एका पात्राबद्दल ‘लेडी मॅकबेथला मुले किती होती?’ अशा उपरोधिक शीर्षकाचा निबंध लिहिला. पात्रांना संहितेबाहेर काढून, हाडामांसाची माणसे मानून त्यांच्याबद्दल अंदाज बांधण्याच्या प्रवृत्तीवरच त्यांचा रोख होता.

मुलांसाठी मी फळ्यावर तीन रकाने आखतो. पहिला ‘लिहिले आहे’, दुसरा ‘त्यावरून कळते’ आणि तिसरा ‘मला वाटते’. प्रत्येक विधान कुठे जाईल, हे मुलांनीच भांडून ठरवायचे. ‘त्याने डबी जागच्या जागी ठेवली’ हे पहिल्या रकान्यात जाते. ‘कोणाला कळू नये अशी त्याची इच्छा होती’ हे दुसऱ्यात. ‘त्याला बाबा मारतात’ हे तिसऱ्यात, आणि ते तिथे राहायला हरकत नाही. फक्त ते उचलून दुसऱ्यात टाकायचे असेल, तर गोष्टीतील वाक्य दाखवावे लागेल. तिसऱ्या रकान्याला कमी प्रतीचा मानू नये, असे मी आवर्जून सांगतो, कारण मुले स्वतःचे जगणे तिथेच मांडतात. पण तो वेगळा आहे, हे त्यांना कळायला हवे.

रंगपट

तीन रकाने उद्यापासून वापरेन. तरीही एक म्हणू द्या: पात्र खरे नाही हे दहा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते. ते खरे मानण्याची तयारी त्याची त्याने दाखवलेली असते, आणि ती तयारी फार नाजूक असते. “हे गोष्टीत कुठे आहे?” हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला, तर मूल पात्राला सोडून देते आणि शिक्षकाला काय हवे आहे, याचा शोध घेऊ लागते. आधी त्याला त्या खोलीत जाऊ द्यावे, आधाराचे नंतर विचारावे.

पानापुरते

क्रमाबद्दल तुम्ही म्हणता ते पटले. घाई मीच करत होतो.

शांत_किनारा

मी शिक्षिका नाही, आई आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून तो बोललेल्या शब्दाचा अर्थ अगदी शब्दशः घेतो. गोष्टीतील माणसांना काय वाटत असेल, असे विचारले की तो अस्वस्थ होतो आणि “लिहिलेलं नाही” असे म्हणून पुस्तक मिटतो. शाळेतील स्वाध्यायात त्याचे असे प्रश्न नेहमी कोरे राहत, आणि ‘सहानुभूती कमी आहे’ असा शेरा एकदा वहीवर आला, तो मला फार लागला.

आमच्यासाठी मार्ग निघाला तो वेगळ्याच प्रश्नातून. ‘काय वाटते’ हे सोडून मी ‘कोणाला काय माहीत आहे’ असे विचारू लागले. कागदावर पात्रांची नावे लिहायची आणि प्रत्येक पानाअखेर कोणाला कोणती गोष्ट ठाऊक झाली, यावर खूण करायची. हे त्याला जमते, आवडते आणि त्यात तो माझ्या चुका काढतो. एका गोष्टीत अशा खुणा करता करता तो थांबला आणि म्हणाला, “म्हणजे हिला माहीत नाही की त्याला माहीत आहे. म्हणून ती एकटी आहे.” भावनेपर्यंत तो पोहोचला, पण त्याच्या स्वतःच्या दाराने. तेव्हा मुलांना पात्र समजत नाही असे म्हणण्याआधी, आपण त्यांना एकच दार दाखवतो आहोत का, हे पाहावे, अशी विनंती करते.

ग्रंथसखी

शांत_किनारा, तुमच्या मुलाचे ते वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे.

कार्यकारण

शांत_किनारा यांच्या प्रतिसादाने मला एक संशोधन आठवले. मानसशास्त्रज्ञ हाइन्झ विमर आणि योझेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली: एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, परत आल्यावर मुलगा ते कुठे शोधेल? अगदी लहान मुले ‘जिथे चॉकलेट आता आहे तिथे’ असे सांगतात, आणि साधारण चार-पाच वर्षांची होईपर्यंत ‘जिथे त्याला वाटते तिथे’ हे उत्तर येऊ लागते. याच दोघांनी १९८५ मध्ये पुढची पायरी तपासली: ‘याला वाटते की त्याला असे वाटते’. ही पायरी साधारण सहा-सात वर्षांपासून पुढे हळूहळू पक्की होत जाते.

आता चष्म्याची गोष्ट या पायऱ्यांवर ठेवून पाहा. काच फुटली आहे, हे मुलाला ठाऊक आहे. आजोबांना ते ठाऊक नाही, असे मुलाला वाटते. इथवर वर्गातील बहुतेक मुले पोहोचली असतील. पण आजोबांना खरोखर ठाऊक नाही का? आणि त्यांना ठाऊक असेल, तर मुलाला काय वाटते आहे, हेही त्यांना ठाऊक आहे का? ही तिसरी पायरी आहे, आणि गोष्टीचे सगळे वजन मला तिच्यावरच दिसते. खडूफळा, वर्गात कोणी आजोबांबद्दल काही विचारले का?

तिसरा_बाक

आजोबांना ठाऊक आहे. चार दिवस चष्मा लागलाच नाही, असे कसे होईल?

मितभाषी

का होणार नाही? चष्मा फक्त वाचण्यापुरता लागत असेल आणि वाचणारा नातू मिळाला असेल, तर डबी उघडण्याचे कारण काय? आजोबांना नातवाचा सहवास मिळतो आहे, एवढेच त्यांना ठाऊक आहे, असे मी वाचले. मला तर ही गोष्ट त्यामुळे अधिक बोचरी वाटते. ते सुखावले आहेत, आणि मुलाला ते सुख पाहावत नाही.

ओळींमधले

हा वाद चालू राहो. मी एका वाक्याकडे लक्ष वेधतो, ज्याच्याकडे अजून कोणी पाहिलेले नाही. ‘तसा चष्मा जुनाच होता.’ हे कोण म्हणते आहे?

वरवर पाहता निवेदक म्हणतो. वाक्यात ‘त्याला वाटले’ नाही आणि अवतरणचिन्हही नाही. पण निवेदकाला चष्म्याचे वय सांगण्याची गरज काय होती? तो ‘तसा’ आणि तो ‘जुनाच’मधला ‘च’ पाहा. ही माहिती नाही, ही सबब आहे. मुलाने स्वतःच्या मनाशी पुटपुटलेली. निवेदकाच्या वाक्यात पात्राचा आवाज असा गुपचूप मिसळणे, ही वास्तववादी कथेची फार जुनी आणि फार प्रभावी रीत आहे, आणि शाळेत ती जवळजवळ कधीच शिकवली जात नाही. मुले असे वाक्य माहिती म्हणून वाचतात आणि पुढे जातात. मग आपण म्हणतो की, पात्राच्या मनाबद्दल गोष्टीत काही सांगितलेले नाही. सांगितलेले असते, फक्त ते कोणाच्या तोंडून येते, हे कानाने ओळखावे लागते.

यासाठी व्याकरणाची व्याख्या लागत नाही. ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचायला सांगावे: एकदा चष्म्याच्या दुकानदारासारखे आणि एकदा त्या मुलासारखे. फरक कानाला लगेच कळतो. मराठीतले ‘च’, ‘तर’, ‘ना’, ‘म्हणे’, ‘तसा’, ‘बरं’ हे इवलेसे शब्द म्हणजे पात्रांच्या बोटांचे ठसे आहेत.

जुनी_वही

सर्व प्रतिसाद वाचले आणि समाधान वाटले. फक्त एका गोष्टीबद्दल सावध करावेसे वाटते. कथा वाचल्याने मुले अधिक समजूतदार होतात, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. डेव्हिड किड आणि इमानुएल कास्टानो यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यासाठी पुढे केला जातो: साहित्यिक कथा थोडा वेळ वाचल्यानंतर इतरांच्या मनातले ओळखण्याच्या चाचणीत लोकांना अधिक यश आले, असे त्यात म्हटले होते. पुढे २०१८ मध्ये दोन नामवंत विज्ञान-नियतकालिकांतील सामाजिक शास्त्रांच्या २१ प्रयोगांची मोठ्या प्रमाणावर फेरतपासणी झाली. त्यांपैकी १३ प्रयोगांत मूळ परिणाम पुन्हा दिसला; हा प्रयोग त्या १३ मध्ये नव्हता.

याचा अर्थ वाचन निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. काही मिनिटांच्या वाचनाने मोजता येईल असा परिणाम होतो, हा दावा टिकला नाही, एवढेच. आयुष्यभराच्या वाचनाचा प्रश्न वेगळा आहे. पण गोष्ट औषधासारखी पाजू नये. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मुलांच्या पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे म्हटले होते: आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याचे जग पाहते आणि दारातून त्या जगात शिरते. त्या मुलीने ‘पोटात गोळा’ लिहिला, तेव्हा तिला गोष्टीत आरसा दिसला असावा. अशा वेळी शिक्षकाने फार बोलू नये. मी स्वतः तर मुलांना गोष्ट वाचून दाखवून काहीच विचारत नाही. थोडा वेळ गप्प बसतो. ज्याला बोलायचे असते, तो बोलतो.

ग्रंथसखी

जुनी_वही काका, तुमच्या शांततेबद्दल आदर आहे, पण त्या शांततेत बोलणारी मुले नेहमी तीच असतात, असा माझा अनुभव आहे. जी कधी बोलत नाहीत त्यांच्या हाती एखादा चांगला प्रश्न द्यावा लागतो.

जुनी_वही

हे खरे आहे. याचा मी विचार करेन.

खडूफळा

आठ दिवसांनी परत लिहिते आहे, कारण दरम्यान मी तीच गोष्ट वर्गात पुन्हा घेतली. ‘कसा आहे’ हा प्रश्न मी विचारला नाही.

आधी ओळींमधले यांचे वाक्य घेतले. ‘तसा चष्मा जुनाच होता’ हे दोन मुलांनी दोन आवाजांत वाचले. दुसऱ्या वाचनानंतर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “हे तो स्वतःलाच सांगतोय.” ज्याने पहिल्या वेळी ‘खोटारडा’ लिहिले होते, तोच हा मुलगा. त्यानंतर शांत_किनारा यांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक दिवसाअखेर कोणाला काय माहीत आहे, याचा तक्ता फळ्यावर केला. मुलाच्या खाली खुणा भराभर झाल्या. आजोबांच्या रकान्यापाशी वर्ग अडला.

कार्यकारण, तुम्ही विचारले होते म्हणून प्रामाणिकपणे सांगते: गोष्ट लिहिताना मी आजोबांचा विचार फारसा केलाच नव्हता. शेवट करायचा म्हणून मी त्यांचे डोळे मिटवले होते. वर्गात मात्र दोन तट पडले. ‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे मितभाषी यांच्यासारखेच होते. ‘ठाऊक आहे’ म्हणणाऱ्यांकडे मी वाक्य मागितले. बराच वेळ कोणाला सापडेना. मग एक मुलगा म्हणाला, “दुसऱ्या दिवशी आजोबा नुसतं ‘वाच’ म्हणाले. का वाचतोस असं विचारलंच नाही. माझ्या आजोबांनी आधी विचारलं असतं, आज स्वारी एवढी शहाणी कशी झाली?” न बोललेल्या वाक्यालाही आधार मानता येते, हे मी त्याला कधी शिकवले नव्हते.

त्यानंतर ‘पोटात गोळा’ लिहिणारी मुलगी उभी राहिली. ती एरवी वर्गात बोलत नाही. ती म्हणाली, “बाई, ते डोळे मिटतात ना, ते त्याच्यासाठी मिटतात. डोळे मिटले की चष्मा लागत नाही. म्हणजे त्याने घाबरू नये.”

मी काही बोलले नाही. जुनी_वही काकांची आठवण झाली. पानापुरते यांचे तीन रकानेही फळ्यावर होते. दुसऱ्या तटातील एकाने, हे तिसऱ्या, ‘मला वाटते’च्या रकान्यात जाईल, असा आक्षेप घेतला. त्यावर दुसऱ्या रकान्यासाठी ती अखेरपर्यंत भांडली. तो वाद मी मिटवलेला नाही. ते विधान दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहून ठेवले आहे.

शेवटी मी मुलांना त्या मुलासाठी एक शब्द किंवा शब्दसमूह सुचवायला सांगितले, कारण मितभाषी यांचा मुद्दा मला सोडायचा नव्हता. ‘ओशाळलेला’ आणि ‘अडकलेला’ हे शब्द आले. एका वहीत मिळाले: ‘सांगायचं राहून गेलेला’.

मितभाषी

याहून नेमके विशेषण मला सुचले नसते. आजोबांबद्दलचे माझे मत अजून बदललेले नाही, पण ‘नुसते वाच’ या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नाही.

तिसरा_बाक

आणि तिचे गुण?

खडूफळा

जुनी उत्तरपत्रिका मागवून पूर्ण केले. गुणदानाचा तक्ताही बदलते आहे. त्यात ‘विशेषण’ या रकान्याऐवजी ‘त्या क्षणी पात्राला काय हवे आहे’ असा रकाना घालण्याचा विचार आहे. नेमके शब्द सुचवले तर मदत होईल.

ओळींमधले

‘त्या क्षणी’ हे शब्द तक्त्यात ठेवाच. आणि गोष्ट पुन्हा लिहिणार असाल, तर आजोबांना ठाऊक आहे की नाही हे स्पष्ट करू नका, ही विनंती.

खडूफळा

करणार नाही. मी एक-दोन वाक्ये घालू का, असे वर्गालाही विचारले होते. आजोबांचे काहीही बदलायचे नाही आणि ‘तसा चष्मा जुनाच होता’ हे वाक्य तर मुळीच काढायचे नाही, असे मुलांनी एकमताने सांगितले आहे.